स्पॅम मेल रिपोर्ट होत नसेल तर वाचा
मंडळी, 'लाईट बिल थकलंय, आज रात्री कनेक्शन कट' वाला मेल इंदिरानगरपासून पंचवटीपर्यंत बऱ्याच मेंबरांना आलाय आणि तक्रारीच्या पत्त्यावर पाठवला तरी रिपोर्ट होत नाही म्हणून कालपासून मला फोनवर फोन. चुकतंय एकच, नुसता फॉरवर्ड केला की मूळ हेडर (मेल कुठून कसा आला त्याची नोंद) जातं, मग मेल कुठून आला ते कळणार कसं? जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, मेलवरचे तीन टिंब दाबा, तिथे अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड करायचा ऑप्शन आहे. मोबाईलवर शोधत बसू नका, माझा अर्धा तास गेला. तरी बाऊन्स झाला, म्हणजे न पोचता परत आला, तर त्याच मेन्यूतून ओरिजिनल उघडून सगळा मजकूर कॉपी करून पाठवा. स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप उडतात, टाळाटाळ नको. आणि पैसेच गेले असतील तर हे सगळं राहू द्या, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा.