रोजची भाकर आणि चाळीतला कांदा

मा. संपादक,
सप्रेम सलाम.

आपल्या पुरवणीत ताणतणावावर आणि झोपेवर अधूनमधून लेख येतात. मोबाइल लांब ठेवा, दीर्घ श्वास घ्या, रात्री हलकं जेवा. सल्ले चुकीचे नाहीत. पण ज्याच्या कांदा साठवायच्या चाळीत अख्ख्या हंगामाचा गावरान कांदा पडून आहे आणि वर आभाळ भरून आलंय, त्यानं श्वास किती दीर्घ घ्यायचा, हे काही कुणी लिहीत नाही. मी नेवासा तालुक्यातली कांदा पिकवणारी बाई आहे, साठीला आलेली. मला झोप लागते. शेजारणींना त्याचं नवल वाटतं आणि घरात तर त्यावरून टोमणेही बसतात. म्हणून हे पत्र.

आधी एक सांगून टाकते, कारण हल्ली प्रार्थनेचं नाव काढलं की लोक कान टवकारतात. मी ख्रिस्ती आहे आणि मला कुणालाही आमच्यात ओढायचं नाही. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती शेतकरी असतात हेच बाहेरच्या पुष्कळांना ठाऊक नसतं. डिसेंबरात वर्तमानपत्रांत केक, सांताक्लॉज आणि वांद्र्याची रोषणाई छापून येते. आमच्या नाताळच्या आठवड्यात कांद्याची लागवड चालू असते. सकाळी उपासना, दुपारी पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी परत वाफ्यात. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं ते १८३१ साली. माझ्या पणज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती, त्याच्या पोराला मिशनच्या शाळेत पाटी मिळाली. पुढे तेच माझे आजोबा गावातल्यांची पत्रं आणि सोसायटीच्या नोटिसा वाचून दाखवायचे. आमच्या घरात विश्वास आला तो असा, पाटी-पेन्सिलीबरोबर.

आणि हे नेवासं आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते ठिकाण. शाळेत आम्ही रोज पसायदान म्हणायचो, घरी संध्याकाळी प्रभूची प्रार्थना. दोन्ही तोंडपाठ, दोन्हींत मागणंच. पसायदानात अख्ख्या विश्वासाठी मागितलंय. प्रभूची प्रार्थना स्वर्गातल्या बापापासून सुरू होते आणि मधेच चुलीपाशी येऊन बसते: 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आमच्यासारख्यांना पूल शोधावा लागला नाही, आम्ही पुलावरच वाढलो. टिळकांची भजनं आजही टाळ-पेटीवर म्हणतो. शेजारच्या वारकरी आजी दारात बसून ठेका धरायच्या, पण 'तुमच्या टाळकऱ्यांची लय पळते' हेही सुनवायच्या.

त्या भाकरीच्या ओळीवर मी लहानपणीच अडले होते. १९७२ चा दुष्काळ होता. आई खडी फोडायला जायची, मी धाकट्या भावाला घेऊन बाभळीखाली बसायची. कामावर सुकडी मिळायची, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ. आई ती फडक्यात बांधून आणायची. हाताला घट्टे, नखांत पांढरी भुकटी. दिवा लावायचा, सगळ्यांनी डोळे मिटायचे, 'रोजची भाकर आज दे' म्हणायचं आणि सुकडी खायची. मी एकदा विचारलं, "आई, आजचीच का मागायची? महिन्याची मागू की." आई म्हणाली, "महिन्याची दिली तर ठेवशील कुठं? उंदरं खातील." मग तिनं मान्न्याची गोष्ट सांगितली. इस्राएल लोकांना रानात रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवानं पाठवलेलं अन्न, मिळायचा. काहींनी तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवून दिला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. मला गोष्ट पटली नाही, पण किडे लक्षात राहिले.

आता गंमत बघा, मी धंदा निवडला तो साठवणीचा. एप्रिलमध्ये कांदा काढायचा, पात कापायची, चाळीत भरायचा आणि भाव येईल या आशेवर दिवाळीपर्यंत सांभाळायचा. माझा मुलगा चाकणला कंपनीत आहे. सुटीला आला होता. चाळीतला खराब कांदा निवडायला आम्ही दोघं बसलो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे. वरून कांदा लालबुंद दिसतो, हात घातला की बोटं आत रुततात आणि जो वास सुटतो तो अंघोळ करूनही जात नाही. एक सडका राहिला की त्याच्या भोवतीचे सगळे ओले होतात. पोरगं नाक मुरडत म्हणालं, "आई, येशू म्हणतो उद्याची चिंता करू नका आणि तू सहा महिन्यांची चाळ भरून ठेवतेस. हे जमतं कसं?"

प्रश्न खोडसाळ होता, पण बरोबर होता. हा प्रश्न मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांपुढेही ठेवला. ते म्हणाले, योसेफाची गोष्ट वाचा. मिसर देशात सुकाळाची सात वर्षं त्यानं धान्याचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेवला, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत लोक जगले. म्हणजे कोठार भरणं हे काही अविश्वासाचं लक्षण नव्हे. हे मला पटलं. चाळीला हवा खेळती ठेवणं, ताडपत्री ओढणं, सडका कांदा वेळेवर काढणं, विक्रीच्या पट्टीतली हमाली-तोलाई नीट तपासणं, ही सगळी आजचीच कामं आहेत. रात्री दोन वाजता कॅल्क्युलेटर घेऊन ओट्यावर बसणं हे त्यातलं एकही नाही. त्यानं कांदा टिकत नाही आणि भावही वाढत नाही. आमचे हे बसतात तसे. आणि मी घोरते म्हणून चिडतातही. एकदा तर मला उठवून म्हणाले, "तुझ्या देवाला घोडेगावच्या बाजाराचा उद्याचा भाव विचार की!"

भाव देव सांगत नाही. हे स्पष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण आमच्यातच काही जण मांडव टाकून, कर्णे लावून सांगत फिरतात की विश्वास धरा, कर्ज फिटेल, दुखणं पळेल, बरकत येईल. त्यांच्यामुळे आमची बदनामी होते ती वेगळीच. पण माझा राग त्याहून दुसऱ्या गोष्टीचा आहे. ज्याचं कर्ज फिटत नाही त्याला वाटतं, आपलाच विश्वास कमी पडला. कर्जाखाली दबलेल्या माणसाच्या डोक्यावर हे आणखी एक गाठोडं. येशूनं असा काही सौदा केल्याचं मी शुभवर्तमानात वाचलेलं नाही. क्रुसावर गेलेल्या माणसाच्या नावानं बरकतीची हमी वाटायची म्हणजे कमालच आहे.

मग विश्वास कशावर? तेविसावं स्तोत्र आमच्याकडे पोरं संडे स्कूलमध्येच पाठ करतात. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' शहरातल्या माणसाला हे चित्रातलं वाटत असेल. आमच्या रानात रब्बी निघाली की धनगर येतात, खतासाठी आपण मेंढ्या बसवून घेतो. एका वर्षी त्यांचा मेंढ्यांचा वाडा आमच्या बांधाला होता. धनगराच्या हातात दोन वस्तू कायम. एक काठी आणि एक लांब आकडी. आकडीनं तो बाभळीची फांदी खाली ओढून मेंढरांच्या तोंडापाशी धरायचा. स्तोत्रात नेमक्या याच दोन वस्तू आहेत, 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.' आमच्या भागात उसामुळे बिबट्या आहे. रात्री कुत्री भुंकली की धनगर घोंगडी टाकून उठायचा, बॅटरी मारून वाड्याला फेरी घालायचा आणि मेंढरं मात्र अंगाला अंग लावून पडून राहायची. बिबट्या येणारच नाही असं त्यांना कुणी लिहून दिलं नव्हतं. त्या मुक्कामात एक कोकरू गेलंही. पण जागं राहायचं काम मेंढरांचं नाही, ते त्याचं आहे. मला जी झोप लागते ती एवढ्याच हिशेबावर. त्याच स्तोत्रात पुढे मृत्युच्छायेची दरी आहेच. दरी बुजवून देतो असं तिथं म्हटलेलं नाही, 'तू माझ्याबरोबर आहेस' एवढंच आहे.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं मनाचे खेळ. असेल. पण डिसेंबर २०२३ मध्ये जे झालं ते मनाचे खेळ नव्हते. कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा लाल कांदा बाजारात होता. आमचा भाव बघता बघता खाली आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात पाचशे बारा किलो कांदा विकून दोन रुपयांचा चेक हातात पडलेला शेतकरी सगळ्या देशानं पाहिला होता. त्यामुळे आपलं काय होणार याची कल्पना सगळ्यांनाच होती. त्या आठवड्यात आमच्याकडे घरसभा होती. घरसभा म्हणजे चर्चच्या मंडळीतली दहा-पंधरा माणसं एकाच्या घरी जमतात, दोन गीतं, शास्त्रवाचन, प्रार्थना, चहा. प्रार्थनेचे विषय सांगा म्हटलं की एरवी बायका 'घरात शांती' असं मोघम काहीतरी सांगतात. त्या दिवशी मी आकडा सांगितला. सोसायटीचं किती, दुकानदाराच्या खतऔषधांची उधारी किती, सोनं गहाण कुठं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता घरी गेल्यावर बघतो. सभा आमच्याच घरी होती हे ते विसरले.

पण मग पलीकडच्या घरातल्या सुनेनं तिचा आकडा सांगितला. मग एका रिटायर्ड गुरुजींनी मुलाच्या नावावरचा. खोलीतल्या एकाही माणसाचं कर्ज त्या संध्याकाळी कमी झालं नाही. पण प्रत्येकाला कळलं की रात्री ओट्यावर बसणारे आपण एकटे नाही. पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही, 'एकमेकांची ओझी वाहा' हे पौलाचं वाक्य वाचलं आणि विचारलं, कुणाच्या लागवडी राहिल्यात? गावरान कांद्याच्या लागवडीला मजुरी केवढी जाते हे आपल्या वाचकांतल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. आम्ही बायकांनी सावड केली. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. आमच्या आया-आज्या करायच्या तशी. त्यात वारकरी घरातल्या दोघी आल्या, एक मुसलमान भाभीही आली. रोप लावताना आम्ही भजन म्हणायचो, मग त्या अभंग म्हणायच्या. मजुरी वाचली ती खरी, रोख वाचली.

ह्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ते उपासनेला आले तरी निम्मा वेळ बाहेर लिंबाखाली गाड्यांपाशी उभे असतात. सुगीच्या उपकारस्तुतीला आमच्याकडे प्रत्येक जण आपल्या रानातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतो. बाजरीची कणसं, ऊस, कोंबडा, दुधी भोपळा. उपासना संपली की त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. त्या पडत्या भावाच्या हंगामात मी कांद्याची गोणी ठेवली होती. लिलाव करणारा गडी मिस्कील. "घोडेगावला कुणी हात लावत नाही असा नंबर एक माल, बोला!" म्हणून ओरडला. लिंबाखालून आवाज आला, "पाचशे!" हेच होते. आपलीच गोणी, आपल्याच खिशातून, बाजारभावाच्या वर. कुणीतरी सहाशे केले तर हे सातशेवर गेले. घरी येताना मी विचारलं, असं का केलंत? म्हणाले, "निदान एका बाजारात तरी भाव मला ठरवायचा होता." याला विश्वास म्हणायचं की हट्ट, ते मी त्यांच्यावर सोडलंय. पण त्या रात्री ओट्यावर कॅल्क्युलेटर नव्हता.

तेवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. नंतरही ते कित्येकदा जागे राहिले. आमच्याच मंडळीतला एक तरुण इतका गप्प गप्प झाला की नुसत्या प्रार्थनेवर सोडणं बरं नव्हे, असं पाळकसाहेबांनीच ठरवलं आणि त्याला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. देवावर भरवसा असताना मनाच्या डॉक्टरकडे कशाला, असं काही जण कुजबुजले. त्यांना मी विचारलं, मोतीबिंदूच्या वेळी तुम्ही कुठं गेला होतात? आता चर्चच्या फळ्यावर, रविवारच्या गीतांचे नंबर लिहितात त्याच्याच खाली, १४४१६ हा आकडा कायमचा लिहिलेला आहे. सरकारच्या टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी मदतीचा, तो फोन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. एका म्हातारीनं उपासनेत ते गीत म्हणून शोधलं आणि 'एवढं जाड पुस्तक कुठाय आपलं?' म्हणून तक्रार केली.

तर संपादकसाहेब, एक विनंती. कांद्याचे भाव तुम्ही रोज छापता, किमान, कमाल आणि सरासरी. त्या चौकटीच्या खाली एक ओळीची जागा असते, कधी तिथं आगाऊ नोंदणीची जाहिरात असते. भाव पडलेल्या दिवशी तरी तिथं हा नंबर टाकाल का? ज्या पानावर धक्का बसतो त्याच पानावर तो हवा. आरोग्याच्या पुरवणीपर्यंत आमचा माणूस पोचत नाही, तो भाव बघून पेपर घडी करतो.

आपली,
एक कांदा उत्पादक वाचक,
ता. नेवासा, जि. अहिल्यानगर