मुक्ताच्या प्रश्नाला उत्तर

निपाणी, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

"अप्पा, दिवसभर मी सोडियम बॅटरीच्या सेलमध्ये सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, इकडून तिकडे नेते. रात्री वाचते तर मेंदूतला विचारही सोडियमच्या आयनांवरच चालतो म्हणे. मग मी म्हणजे काय, मीठच का?" असं तू परवा विचारलंस. फोनवर आईनं मधेच जेवणाचं काढलं आणि ते राहून गेलं. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलेलं नाही.

तुझा प्रश्न जुना आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्यातूनच चैतन्य होतं, असं आपल्याकडे चार्वाकांनी कधीच म्हणून ठेवलंय. आणि ज्या धंद्यावर आपलं घर चाललं ती बॅटरीसुद्धा अशाच एका वादातून जन्मली. बेडकाच्या पायाला दोन धातू लावले की पाय झटका खातो. हे पाहून इटलीच्या गॅल्व्हानी या डॉक्टरानं १७९१ साली छापलं की ही वीज प्राण्याच्या अंगातली आहे. तिथल्याच व्होल्टा या शास्त्रज्ञाला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, वीज धातूंची, पाय नुसता दाखवणारा. ते पटवण्यासाठी त्यानं जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्यांची चळत रचली, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे घातले आणि १८०० साली जगाला कळवलं. तीच पहिली बॅटरी. पण ती रचताना त्याच्या मनात विजेचा झटका देणारा मासा होता, आणि त्या चळतीला त्यानं माशाच्या अवयवाची कृत्रिम प्रतिकृतीच म्हटलं. म्हणून मला वाटतं, माणूस बॅटरीसारखा आहे असं म्हणणं उलटं आहे. बॅटरीच जिवाकडे बघून केलेली आहे. पुढे गॅल्व्हानीचंही खरं ठरलं. मज्जातंतूतून संदेश जाताना सोडियम आत शिरतो आणि पोटॅशियम बाहेर पडतो, हे हॉजकिन आणि हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५२ साली म्हाकुळासारख्या एका समुद्री प्राण्याच्या जाड तंतूवर मोजून दाखवलं.

आता माझ्या कामातलं बोलतो. दुकानात फुल चार्ज केलेली बॅटरी महिनाभर फळीवर ठेवली तरी हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजायची नळी) घातल्यावर गुरुत्व, म्हणजे चार्ज, फारसं उतरलेलं दिसत नाही. तिच्यात साठा असतो आणि साठा गप्प बसू शकतो. मेंदूचं तसं नाही. रक्त पूर्ण थांबलं तर दहाएक सेकंदांत माणसाची शुद्ध जाते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा २ टक्के, ऊर्जेच्या खर्चात मात्र २० टक्के, म्हणजे साधारण २० वॅट. त्यातला मोठा हिस्सा जातो आत आलेला सोडियम परत बाहेर काढण्यात. पेशीच्या पडद्यातला पंप एका खेपेला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. तू गणित सोडवलंस काय आणि खिडकीतून नुसती बघत बसलीस काय, या खर्चात फरक थोडाच पडतो. मला हे फार मोठं वाटतं. आपण चार्ज होऊन ठेवलेली वस्तू नाही आहोत. आपण सतत करत राहावं लागणारं काम आहोत.

आणि ते काम कसलं? आतलं आणि बाहेरचं वेगळं राखायचं, तरी दार बंद करायचं नाही. पडदा कायम उघडा राहिला तर दोन्हीकडे सारखं होऊन पेशी मरते, कायम मिटला तर विचारच उठत नाही. हे मला निपाणीत राहून चटकन समजतं. १९५६ साली आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. घरात मराठी, कचेरीत कन्नड, गिऱ्हाइकाशी त्याला येईल ते. इतकी ये-जा होऊनही माझं मराठीपण विरघळलं नाही, कारण ते रोज बोलून, वाचून, तुला अशी पत्रं लिहून राखलंय. आणि कन्नड आत आल्यानं ते काही कमी झालं नाही.

तुझ्या आज्जीचं शेवटचं वर्ष आठव. माझं नाव गेलं, तुझं गेलं, दादांचा फोटो दाखवला तर "हे कोण पाव्हणं?" म्हणायची. तिचं माहेर हुक्केरीकडचं, म्हणून मराठी मागं पडून लहानपणची कन्नड वर आली. पण उंबऱ्यात कुणी उभं राहिलं की पहिला प्रश्न तोच, "ऊट आयता?" जेवलास का. वायरमन असो, डॉक्टर असो. 'मी' म्हणजे नुसता आठवणींचा साठा असता तर तेव्हा तिच्यात कुणीच उरायला नको होतं. पण ती होती. समोरच्याकडे वळायची तिची रीत तशीच होती. ती रीत कुठल्या पेशींत होती हे तुमचं शास्त्र एक दिवस सांगेल, आणि सांगावंच. ते सांगितल्यानं माझी आई मला लहान वाटणार नाही.

म्हणून मुक्ता, तुला मीठ म्हणून घ्यायचं असेल तर खुशाल घे, पण त्यानं खचू नकोस. सोडियमवर विचार चालतो हे कळलं, तरी तो विचार खरा की खोटा, चांगला की वाईट, हे सोडियम बघून ठरत नाही. तुझ्या सेलचे आकडे बरोबर आहेत का हे तू मेंदू तपासून पाहत नाहीस, पुन्हा मोजून पाहतेस.

आता कामाचं. सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जास्त जड, म्हणून गाडीपेक्षा घरात आणि शेतात ठेवायच्या बॅटरीला तो बरा, हे तुझ्याकडूनच शिकलो. सेलमध्ये वीज गोळा करायला तांब्याच्या पत्र्याऐवजी दोन्ही टोकांना ॲल्युमिनियम चालतं हेही. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांना वारा मिळतो तेव्हाच पंपाला वीज लागते असं थोडंच आहे? मधे साठवायला स्वस्त काही आलं, तर रात्री मळ्यात पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाची झोप वाचेल. तुमचा तो हार्ड कार्बन, म्हणजे सेलच्या ऋण टोकाचा कोळसा, उसाच्या चिपाडापासूनही करून बघतात म्हणालीस. इथं कारखाने तेच बॉयलरला जाळतात आणि गुऱ्हाळावर तर ढीग पडलेत. नमुन्याला पाहिजे असेल तर वाळवून पोत्यात भरून गाडीला घालतो. किती किलो हवं, आणि धुऊन पाठवू की तसंच, ते कळव. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत तुझा सेल किती दिवस टिकेल, हेही लिही. इथले शेतकरी मला आधी तेच विचारणार आहेत.

आई आशीर्वाद सांगते.

तुझे,
अप्पा