वाचकाचे हात बांधू नका, संगणक गोठवा

महोदय,

सार्वजनिक ग्रंथालयातल्या संगणकांवर काहीच करू देत नाहीत, ही वाचकांची नेहमीची तक्रार आहे. राइट क्लिक चालत नाही, पेनड्राइव्ह उघडत नाही, फाइल सेव्ह करायला गेले की परवानगी नसल्याचा संदेश येतो. आम्हा कर्मचाऱ्यांची तक्रार याच्या नेमकी उलट: लोक मशीनची वाट लावून जातात. मी अकरा वर्षे एका सार्वजनिक ग्रंथालयात वाचकांसाठीच्या सहा संगणकांची देखभाल करते आहे. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींवर एकच उपाय आहे, हे मी अनुभवाने सांगते. वाचकाला हवे ते करू द्यावे. फक्त त्याने केलेले बदल तो उठून गेल्यावर टिकू देऊ नयेत.

सुरुवातीला आमचे सगळे संगणक अ‍ॅडमिन खात्यावरच, म्हणजे काहीही बदलायची मुभा असलेल्या खात्यावरच, चालत. सकाळी आले की आधी एकेक स्क्रीन पाहायची. कुणी ब्राउझरमध्ये तीन-तीन टूलबार घालून ठेवलेले, कुणी कीबोर्डची भाषा बदललेली, एकदा तर सगळा पडदाच उलटा झालेला. यात खोडसाळपणा फार थोडा असतो. कुणाला अक्षर मोठे हवे असते, कुणी मोफत म्हणून एखादा प्रोग्रॅम उतरवतो आणि त्याच्यासोबत आणखी चार येतात. पंधरा दिवसांतून एखाद्या मशीनला फॉरमॅट मारावा लागे, आणि त्यात माझा अख्खा दिवस जाई.

मला खरा धक्का बसला तो मात्र बिघाडाने नाही. एका संध्याकाळी जागा कमी पडते म्हणून डाउनलोडचा फोल्डर उघडला. आत चाळीसएक फाइली. ओळखपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, कुणाच्या रक्ततपासणीचा अहवाल, दोन पगारपत्रके आणि एका बाईने घटस्फोटासाठी लिहिलेल्या अर्जाचा मसुदा. तो कितीतरी दिवस तिथे पडून होता आणि त्या खुर्चीवर रोज आठ-दहा माणसे बसत होती. पुस्तक परत आले की त्यात राहिलेली चिठ्ठी आम्ही जपून काढून ठेवतो. इथे मात्र माणसांची अख्खी आयुष्ये उघडी पडली होती आणि आम्ही टूलबार काढत बसलो होतो.

त्यानंतर आम्ही घाबरून सगळेच बंद केले. पेनड्राइव्ह बंद, राइट क्लिक बंद, सेव्ह करणे बंद. त्याचा त्रास ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनाच झाला. नोकरीचा अर्ज भरायला आलेली मुलगी स्वतःचा बायोडेटा जोडू शकत नव्हती, कारण तो तिच्या पेनड्राइव्हमध्ये होता. तिला मी नियम समजावून सांगितला. माझ्या तोंडचा तो नियम मलाच ऐकवत नव्हता.

शेवटी आम्ही रीस्टार्टला सगळे पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर बसवले. ते कसे चालते हे वाचकांनाही कळावे म्हणून सांगते. एखाद्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर रेघा माराव्यात, तसे हे असते. वाचक जे काही लिहितो, पुसतो, बसवतो ते मूळ डिस्कवर जातच नाही. ते बाजूला राखलेल्या जागेत जाते. मशीन रीस्टार्ट झाले की तो कागद फेकला जातो आणि खालचा नकाशा होता तसाच राहतो. विषाणू शिरला तरी बहुतेक वेळा पुढच्या रीस्टार्टला निघून जातो. बोलताना आम्ही याला ‘गोठवणे’ म्हणतो.

ही काही नवी युक्ती नाही. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये अशा सामायिक संगणकांसाठी एक साधन मोफत दिले होते आणि २००७ मध्ये ते ‘स्टेडीस्टेट’ या नावाने आले. विंडोजच्या एक्सपी आणि व्हिस्टा या जुन्या आवृत्त्यांवर ते चाले. विंडोज ७ साठी ते आलेच नाही, आणि २०१० च्या अखेरीस ते मिळणे बंद झाले. आज विंडोजमध्ये ‘युनिफाइड राइट फिल्टर’ ही अंगभूत सोय आहे, पण ती एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत. साध्या होम किंवा प्रो आवृत्तीत ती नसते. ‘डीप फ्रीझ’सारखी सॉफ्टवेअर विकत मिळतात. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीवर मूळ डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवून बदल मेमरीत ठेवण्याची सोय फुकट आहे. नवे संगणक घेताना आवृत्ती कोणती आहे हे पाहण्याचे भान खरेदी करणाऱ्यांनी ठेवले, तर पुढचे निम्मे काम सोपे होते.

आता आमच्याकडून झालेली चूकही सांगते. संगणक गोठवले आणि वाचकांना नीट सांगितलेच नाही. आठवडाभरात एक आजोबा आले. पत्नीच्या शेवटच्या आजारपणाबद्दल ते एका बोटाने टाइप करत होते. दोन तासांत चार पाने झाली होती. फाइल त्यांनी डेस्कटॉपवर ठेवली होती. स्क्रीन मध्येच अडकली म्हणून शेजारच्या मुलाने मदत करायच्या हेतूने बटण दाबून मशीन बंद-चालू केले. डेस्कटॉप कोरा. ते मला म्हणाले, “अहो, इथेच ठेवलं होतं मी.” असे तीन-चारदा म्हणाले. मी सगळीकडे शोधल्याचे नाटक केले नाही, खरे ते सांगितले. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्याच दिवशी प्रत्येक संगणकाच्या वॉलपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘इथे ठेवलेली फाइल संगणक बंद होताच कायमची पुसली जाते. पेनड्राइव्हवर ठेवा किंवा स्वतःला ईमेल करा.’ वेळ संपायला दहा मिनिटे उरली की एकदा आणि दोन मिनिटे उरली की पुन्हा सूचना येते. काउंटरवर चार पेनड्राइव्ह ठेवले आहेत, पुस्तकासारखी सही करून मिळतात. परत आले की आम्ही ते पूर्ण पुसतो. आजोबा महिन्याभराने परत आले, तेव्हा पहिला पेनड्राइव्ह त्यांनीच नेला.

गोठवले म्हणजे निश्चिंत झालो, असेही कुणी समजू नये. कागद फेकला जातो तो फक्त रीस्टार्टला. एक वाचक उठून दुसरा बसला आणि मध्ये मशीन रीस्टार्ट झाले नाही, तर आधीच्याचा उघडा राहिलेला ईमेल पुढच्याला दिसणारच. म्हणून सत्र संपले की मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायलाच हवे. कर्मचाऱ्याच्या आठवणीवर ते सोडून चालत नाही. वाचकाचे खाते अ‍ॅडमिनचे नसावे. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करता येऊ नये म्हणून बूटचा क्रम, म्हणजे मशीन आधी कुठून सुरू व्हायचे तो, बदलून बायोसला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड घालावा, आणि कॅबिनेटलाही कुलूप असावे, कारण पेटी उघडता आली तर अनेक मशीनवर तो पासवर्डही घालवता येतो.

पाठीमागच्या तारांकडे तर कुणी वळूनही पाहत नाही. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या चेशायर भागातल्या दोन सार्वजनिक ग्रंथालयांत कीबोर्डची तार आणि संगणक यांच्यामध्ये बसवलेली छोटी उपकरणे सापडली होती. दिसायला पेनड्राइव्हसारखी, पण टाइप केलेले प्रत्येक अक्षर साठवून ठेवणारी. याला गोठवण्याचा काही उपयोग नाही, रोज सकाळी वाकून पाहणे हाच उपाय. मी ते करते, पाच मिनिटेही लागत नाहीत.

आणखी एक अडचण अद्ययावत करण्याची. गोठवलेल्या मशीनवर सुरक्षेचे अपडेट उतरले तरी रीस्टार्टला तेही पुसले जातात. त्यासाठी ठरावीक रात्री गोठवणे काढून, अपडेट बसवून, पुन्हा गोठवावे लागते. ज्या ग्रंथालयात हे काम कुणाच्याच नावावर नाही, तिथे संगणक वर्षानुवर्षे जुन्याच अवस्थेत गोठून राहतात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे हा प्रश्न आता जास्तच तातडीचा आहे. ग्रंथालय चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की संगणकासाठी पैसे मंजूर करताना त्याची देखभाल करणाऱ्या माणसाचे तासही मंजूर करा. हे काम देवघेव सांभाळता सांभाळता, वेळ मिळाला तर, होणारे नाही.

हे पत्र एखाद्या ग्रंथपालाच्या वाचनात आले, तर त्यांनी आज बंद करायच्या वेळी वाचकांच्या कुठल्याही एका संगणकावरचा डाउनलोडचा फोल्डर उघडून पाहावा. काही सापडले तर ते वाचू नये, पुसून टाकावे, आणि उद्या सकाळी आपल्या वरिष्ठांकडे हा विषय काढावा.

– एक ग्रंथालय सहायक