नातू सोडेल तेव्हा

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. ही सुरुवात वाचून बाबा हसतील, हसू देत. हे फोनवर बोलता येत नाही. तुमचा फोन स्पीकरवर असतो, आई बोलते आणि बाबा शेजारी बसून 'हं' म्हणतात. गेल्या आठवड्यापासून तर तो 'हं'ही ऐकू आला नाही. आई मला सांगणार नव्हती, पण परवा तिच्या तोंडून निसटलंच: तुम्हा दोघांना अमेरिकेचा व्हिसा नाकारला त्या दिवसापासून, बाबा, तुम्ही तिच्याशी धड बोलत नाही आहात. म्हणून हा कागद. बाबा, चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

अमेरिकी वकिलातीत मुलाखतीच्या खिडकीपाशी काय झालं ते मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं. बाबांच्या हकिकतीत आई चुकली. आईच्या हकिकतीतही आईच चुकली. मला जे चित्र दिसतं ते असं: काचेपलीकडे एक तरुण अधिकारी, शेजारी दुभाषी. आई टाचा उंचावून माइकपाशी तोंड नेते आहे. बाबांनी फाइल छातीशी धरली आहे, तीच पेन्सिलने अनुक्रमणिका लिहिलेली, जिच्यात घराच्या कागदांपासून माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत सगळं आहे. (दहावीची गुणपत्रिका कशासाठी, हे मी अजून विचारलेलं नाही.) कशाला जाता? 'लेकीकडे, नातवाला बघायला.' किती दिवस? बाबा म्हणाले, तीन महिने. मग त्याने तोच प्रश्न आईला विचारला आणि आई मराठीत म्हणाली, 'आता नातू सोडेल तेव्हा यायचं परत!' आणि हसली.

दुभाषी हसला नाही. त्याने ते वाक्य जसंच्या तसं पलीकडे पोचवलं असणार. थोडी टकटक झाली, दोन्ही पासपोर्ट आणि एक छापील कागद काचेखालून बाहेर आला. फाइल उघडलीच नाही.

आई, तुझं वाक्य मराठीत इतकं साधं आहे! कुठल्याही घरात, कुणीही आजी म्हणेल असं. त्याचा अर्थ एवढाच की जीव अडकला आहे. पण त्या खिडकीपाशी ते भाषांतर होऊन गेलं, तेव्हा माया मागेच राहिली आणि पुढे गेलं ते फक्त 'परत कधी येणार हे ठरलेलं नाही'.

आता त्या कागदाबद्दल. त्यावर २१४ बी लिहिलं आहे ना? ते अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम आहे. कायदा १९५२ चा, म्हणजे बाबा, तुमच्याहून वयाने मोठा. ते कलम म्हणतं की पर्यटक व्हिसा मागायला आलेला प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच निघाला आहे, असं धरून चालायचं. तसं नाही, हे पटवायची जबाबदारी त्या माणसाची. आपल्याला ठाऊक असलेल्या कोर्टात गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो, इथे गणित उलटं. तेव्हा 'आम्हाला खोटारडे ठरवलं' हे जे तुम्हाला लागलं आहे, ते मनातून काढा. संशय त्या कलमातच आहे, तुम्ही रांगेत उभे राहायच्या आधीपासून.

तुमच्या मित्रांपैकी कुणी म्हणालं की कागद कमी पडले असतील. नाही. तसं असतं तर त्याच कायद्यातल्या २२१ जी या दुसऱ्या कलमाचा कागद हातात पडला असता आणि राहिलेले कागद मागितले असते. आणखी एक सांगते, मी रात्र जागून लिहिलेलं ते आमंत्रणपत्र, त्यात माझा पगार, माझी हमी? त्यांच्या नियमांत स्पष्ट आहे की असं पत्र लागतच नाही. इथल्या नातेवाइकांच्या हमीवर नाही, तुमचं स्वतःचं तिथे काय आहे त्यावर ठरतं. मी ते नीट वाचलंच नव्हतं.

आणि वाचलं नव्हतं ते एवढंच नाही. बाबा, हा भाग आईला मोठ्याने वाचून दाखवा. तुमचा डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा अर्ज, मी भरला. त्यात 'किती काळ राहणार' या रकान्यात मी ६ महिने लिहिले. पर्यटक म्हणून आलेल्याला सहसा तेवढेच मिळतात, मग कमी कशाला लिहायचे, असा माझा हिशोब. तुमच्याशी मात्र तीन महिन्यांचं बोलले, कारण तेव्हा तुम्ही तेवढ्यालाच तयार होतात. भरलेला अर्ज तुम्हाला पूर्ण दाखवलाही नाही. म्हणजे त्या माणसाच्या समोर ६ महिने लिहिलेले, बाबा म्हणतात तीन आणि आई म्हणते नातू सोडेल तेव्हा. तीन माणसं, तीन उत्तरं. नेमकं कशावरून नाकारलं हे तो कागद सांगत नाही, पण दोष वाटायचाच असेल तर पहिला वाटा माझ्या ताटात वाढा.

यावर दाद मागायची सोय नाही. पुन्हा अर्ज मात्र कधीही करता येतो, नवीन फॉर्म, पुन्हा माणशी १८५ डॉलर, आधीचे परत मिळत नाहीत. पण लगेच करू नका. तीच माणसं, तीच परिस्थिती आणि तेच कागद घेऊन महिन्याभरात गेलं तर उत्तर बदलायला काही कारणच नसतं. आणि तो जो कुणी बाबांना म्हणाला की या खेपेला मुलीचं नावच काढू नका, नुसतं फिरायला जातो सांगा, त्याच्या नादी लागू नका. आधी कधी व्हिसा नाकारला होता का, हे अर्जातच विचारतात. तिथे खोटं बोललेलं सापडलं तर आयुष्यभराची दारं बंद होऊ शकतात. आज फक्त एक 'नाही' आहे.

आता जे लिहायला मला चार दिवस लागले ते लिहिते.

गेली दोन वर्षं मी सांगत आले की सुट्टी मिळत नाही. सुट्टी मिळते. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला आहे. इथे राहायला, नोकरी करायला त्याचं अडत नाही, पण एकदा देशाबाहेर पडलं की परत आत यायला नवा लागतो. म्हणजे मलाही तशाच एका खिडकीपुढे उभं राहावं लागणार. कागद अडकला, दोन महिने लागले, नोकरी गेली तर? बाळ आणि मी तिकडे, हा इकडे, असं झालं तर? या भीतीने मी हललेच नाही आणि तुम्हाला म्हटलं, 'तुम्हीच या ना.' जी रांग मला टाळायची होती तिच्यात मी तुम्हाला उभं केलं, तेही या वयात, आयुष्यात पहिल्यांदा काढलेले कोरे पासपोर्ट देऊन. हे कळायला तो छापील कागद यावा लागला.

परवा रात्री आम्ही दोघांनी बसून ठरवलं. मुलाखतीची तारीख शोधायला लागले आहे, मिळाली की आम्हीच येतो. पिल्लू आता सोफ्याला धरून चालतो, मधेच हात सोडतो, आपण उभे आहोत हे लक्षात आलं की घाबरून खाली बसतो. तो पळायला लागायच्या आत तुमच्या अंगणात आणायचा आहे.

गंमत अशी की त्याचा जन्म इथला, पासपोर्ट अमेरिकेचा, त्यामुळे आजोळी यायला त्यालाच आता परवानगी काढायला हवी. त्याचं ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात यायला मिळतं ते, करायला घेतलं आहे. त्या अर्जाला आमच्या लग्नाचा दाखला जोडावा लागतो आणि माझ्याकडची प्रत काही केल्या सापडत नाही. बाबा, तुमच्या फाइलमध्ये आहे. अनुक्रमांक सतरा किंवा अठरा असेल. दोन्ही बाजूंचा स्कॅन करून पाठवा. स्कॅन कसा करायचा ते आईला विचारा, तिला येतं.

तुमची,
लेक