तिसऱ्या इंजेक्शनची तारीख

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास. आता त्या चपट्या फोनला आपटता येत नाही हे मला कळतं, पण कानाला तसंच लागलं. "आई, तीनदा विचारलंस," असं म्हणालीस. तू मोजत होतीस म्हणजे खरंच तीनदा झालं असेल. म्हणून पत्र लिहिते, आणि यात ते रेबीजच्या तिसऱ्या इंजेक्शनचं विचारणार नाही.

बबनमामा मंगळवारी पुण्याला निघालाय. त्याच्याजवळ डबा देते. येसर आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, धपाटी वरच्या कप्प्यात आहेत ती आधी संपव. खालची पुडी तुझ्या खोलीतल्या त्या लातूरच्या मुलीची. मागच्या वेळी तिच्यापर्यंत काही पोचलं नाही म्हणे.

अण्णा पारावर जाऊन सगळ्यांना सांगून आले, "मुक्ता केरळात चालली, निपाहच्या कामाला." गणपततात्यांनी विचारलं, "नवी कंपनी हाय का?" मग अण्णांनी अर्धा तास निपाह समजावला, निम्मा चुकीचा. ते मलेशियातल्या एका गावाचं नाव, १९९८-९९ साली तिथे डुकरांतून माणसांत आला, मुळात फळं खाणाऱ्या वटवाघळांचा, एवढं मात्र बरोबर सांगितलं. पारासाठी तेवढं पुष्कळ झालं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मलाही तेवढंच वाटतं गं, मला पारावर जाऊन सांगता येत नाही इतकंच.

तुझी एम.एस्सी.ची निळी वही माळ्यावर सापडली. परीक्षेच्या आधी मी प्रश्न विचारायची आणि तू चटणी वाटता वाटता उत्तरं द्यायचीस ती. 'पिकोर्ना', म्हणजे पोलिओच्या विषाणूचं घराणं, माझ्या तोंडी बसायचं नाही, तू हसायचीस. एकतीस वर्षं नर्स म्हणून मी या सगळ्या विषाणूंना अंगावरच्या पुरळावरून, तापावरून, लुळ्या पायावरून ओळखलं. ते दिसतात कसे हे तुझ्या वहीत पाहिलं. पोलिओचा वीस तोंडांचा, उघडाबोडका, अंगावर कवचाशिवाय काही नाही. करोनाचा गोल, वर चरबीचं वेष्टन, त्यावर काटे. देवीचा विटेसारखा, या सगळ्यांत आडदांड. तू तेव्हा सांगितलं होतंस की वेष्टनवाले साबणाला भितात, कारण साबण चरबी सोडवतो. पोलिओला वेष्टनच नाही, त्याला सॅनिटायझरचं फारसं काही वाटत नाही, हात चोळून पाण्यानं धुऊनच काढावा लागतो. मी वीस वर्षं बायांना "हात धुवा" म्हणून ओरडत होते, ते का, हे मला माझ्या लेकीनं चटणी वाटताना सांगितलं.

पोलिओवरून आठवलं. पल्स पोलिओच्या रविवारी तू माझ्या साडीला धरून बूथवर यायचीस आणि पोरांच्या डाव्या करंगळीला शाई लावायचं काम तुझ्याकडे असायचं. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं आपल्याला कधी सापडायची नाहीत. दिवाळी झाली की गाड्या भरून निघायचे, आणि इकडे रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढची घरं रिकामी. मी राहिलेल्या प्रत्येक डोसाभोवती लाल पेनानं गोल करायचे. कोपीवर जाऊन, वीटभट्टीवर जाऊन, व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला लावून, कुणी कुत्रं अंगावर सोडलं तरी. २०११ च्या जानेवारीत हावड्याला देशातली शेवटची केस झाली आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपण पोलिओमुक्त म्हणून जाहीर झालो, त्या दिवशी मला कुणी हार घातला नाही. आशाताईनं पेढा आणला होता. पण ते लाल गोल माझे होते.

तुझ्या नावापुढे एक लाल गोल आहे. राहू दे. विचारणार नाही म्हटलंय.

तुझ्या वहीतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे भावकी. कोण कुणाचा चुलत, कोण कुणाच्या बांधाला. २०२२ साली लंपी आला आणि सर्जाच्या अंगावर गाठी उठल्या, तेव्हा अण्णा रात्रभर गोठ्यात बसले होते. तू फोनवर म्हणालीस, आई, हा देवीच्याच घराण्यातला, पॉक्स. आणि खरंच, शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचत होते तेव्हा. माझ्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, तुझ्या दंडावर नाही. तुझ्या वेळेपर्यंत देवी जगातूनच गेली होती. मोठ्या आईच्या तोंडावरचे खड्डे तुला आठवत असतील, तिच्या मांडीवर बसून तू ते बोटानं मोजायचीस.

आणि अण्णांची नागीण! शेवंता आत्या रोज येऊन बघायची, नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो म्हणून. मिळणार कसं? लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू पन्नास वर्षं मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतो आणि जागा झाला की त्याच एका मज्जातंतूच्या वाटेनं बाहेर पडतो, एकाच कुशीला. हे मी आत्याला चार दिवस सांगितलं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "मुक्तीला फोन लाव, तिनं म्हटलं तर मानंन." तू म्हणालीस आणि तिनं मानलं. मला तेव्हा राग आला होता, आज कबूल करते.

बार्शीला १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, तेव्हा मी पाच वर्षांची. आजी तिकडून आली ती वाकूनच. मग तीस-बत्तीस वर्षं कुणी त्याचं नाव काढलं नाही. २००६ ला परत आला तेव्हा आपल्या वाड्यावस्तीवर एक घर सुटलं नाही. सकाळी माणसं भिंतीला धरून उठायची. तुलाही ताप होता आणि मी तुला आत्याकडे टाकून सर्व्हेला गेले होते. सात वर्षांची होतीस. त्याचं तू कधी काही बोलली नाहीस, म्हणून जास्त लागतं.

डेंग्यूचा आणि त्याचा डास एकच, घराणी मात्र दोन. डेंग्यू फ्लेव्हीतला, चिकुनगुन्या टोगातला. डासाला त्याचं काय! त्याला आपले रांजण, बॅरल, हौद पाहिजेत. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, भांडी रिकामी करा, घासा, उलटी ठेवा, हे मी घरोघर सांगायची, कारण डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या काठाला महिनोन् महिने चिकटून राहतात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणत होते, त्या उन्हाळ्यात एका बाईनं मला दारातच अडवलं. "बाई, आमी सातबी दिवस कोरडंच हाव. धाव्या दिवशी नळ येतो, तेवढं वतून देऊ व्हय?" काय बोलणार? मी बॅरलवर जुनं लुगडं बांधून दिलं आणि पुढच्या घरी गेले. वरून अहवालात विचारतात, किती भांडी रिकामी केली. पाणीच नसेल तर माणूस साठवणार, आणि साठवलं की डास. तुमच्या प्रयोगशाळेत या कारणाचं चित्र काढत नसतील.

बघ, कुठं चालले होते. तुला सांगायचं होतं की निपाहच्या पानावर तू पेन्सिलीनं 'गोवर, गालगुंड' असं लिहून बाण काढला आहेस. एकाच घराण्यातले, पॅरामिक्सो. गोवराची लस मी नवव्या महिन्याच्या किती लेकरांना दिली असेल, मोजदाद नाही. आणि त्याच्या भावकीतल्या या दुसऱ्यासाठी अजून एकही लस बाजारात नाही. २०१८ च्या मे महिन्यात केरळात पेरांब्राच्या दवाखान्यातली लिनी सिस्टर निपाहच्या रोग्याची सेवा करताना गेली. नवऱ्याला चार ओळी लिहून गेली. लहान लेकरं होती. मी उपकेंद्रात टेबलाशी बसून ते वाचलं आणि त्या दिवशी रजिस्टर उघडलं नाही. ज्याला लस नाही त्याच्यापुढे तू दोन हातमोजे, मास्क, चष्मा घालून जाशील, तुझे साहेब शिकवतीलच, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण ज्याला लस आहे त्याची तरी पुरती घेऊन जावी की नाही?

झालं. विचारलं शेवटी.

तू म्हणालीस दोन झाली, शून्य आणि सातव्या दिवसाचं. तिसरं एकविसाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसातलं, तेव्हा मी केरळात असेन, आल्यावर बघू. आणि डब्ल्यूएचओनं २०१८ पासून दोनच पुरे म्हटलंय असंही ऐकवलंस. असेल. तुझं शिक्षण माझ्यापेक्षा पुढचं आहे. पण आपल्याकडच्या कागदावर अजून तीन आहेत, आणि वटवाघळांत रेबीजचे भाऊबंद जगात ठिकठिकाणी सापडलेत हे तुझ्याच वहीत, तुझ्याच अक्षरात आहे. त्याच पानावर बंदुकीच्या गोळीसारखं चित्र, एक टोक गोल, एक सपाट. शेजारी चांदीपुरा, तीच गोळी. नागपूरजवळचं गाव ते, १९६५ साली तिथे सापडला म्हणून कायमचं नाव लागलं. वाळूमाशीतून येतो आणि लेकरांना नेतो. त्या पानाच्या पुढे मी वही वाचली नाही.

बापूचं तुला कधी सांगितलं नाही. फोटोतला तो हाफ चड्डीतला मुलगा कोण म्हणून तू विचारायचीस आणि मी "असाच गावातला" म्हणायची. तो माझ्या पाठचा. १९७९ साली सात वर्षांचा होता. घरचंच कुत्रं, पिसाळलेलं वगैरे कुणाला वाटलं नाही, पोटरीला दात लागला. आजीनं चुना-हळद लावली. शेजारच्या मास्तरांनी हट्ट धरला म्हणून दादांनी त्याला बार्शीला नेलं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक, मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस. आता ती बंदच झाली. रोज एसटीनं जायचं, यायचं. पाच झाली. मग ज्वारी काढायला आली. दादा म्हणाले, सुगी आटोपली की राहिलेली घेऊ. जखम तर भरूनच आली होती, पोरगं पळत होतं.

दोन महिन्यांनी त्यानं माझ्याकडे पाणी मागितलं. मी तांब्या दिला. ओठाला लावला आणि त्याचा गळा असा आवळला की तांब्या माझ्या पायावर पडला. परत मागितलं. परत तसंच. पदराचा वारा लागला तरी दचकायचा. तिसऱ्या दिवशी गेला. दादा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, पण बार्शीच्या एसटीत बसले नाहीत. कुणी त्यांना काही म्हटलं नाही. मीही नाही.

म्हणून मी नर्स झाले असं काही नाही हं, तसं समजू नकोस. एएनएमच्या ट्रेनिंगला विद्यावेतन होतं म्हणून गेले. पण चौदातली पाच हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तू "दोन झाली, आल्यावर बघू" म्हणालीस तेव्हा मला तुझा आवाज ऐकू आला नाही, दादांचा आला. तुझी चूक नाही त्यात. तीच गोष्ट नाही, मला कळतं. तुला चावलेलं नाही, ही आधीची काळजी आहे, आणि पुढे काही झालंच तर परत डोस मिळतात. सगळं कळतं. चावलं, ओरखडलं तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, हे मी तुला सांगणं म्हणजे कीर्तनकाराला अभंग शिकवणं. तरी पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा.

पुन्हा भाषण झालं. माफ कर.

केरळात दवाखाने आपल्यापेक्षा बरे आहेत म्हणतात. एकवीस ते अठ्ठावीस, यातल्या कुठल्याही एका सकाळी अर्धा तास काढलास तर तुझ्या साहेबांचं काही अडणार नाही. किंवा निघायच्या आधी त्यांना विचार, दोन पुरे म्हणाले तर मी त्यांचं ऐकेन. तुझं नाही ऐकणार, त्यांचं ऐकेन. शेवंता आत्यासारखं झालंय माझं.

सर्जा बरा आहे, गाठींचे वण राहिलेत. चैत्रात येडाईच्या यात्रेला येशील का ते सांग, आत्या विचारते. डबा बबनमामाकडेच परत दे, झाकण हरवू नकोस, ते स्टीलचं आहे.

तुझी,
आई

ता. क. फोन नाही केलास तरी चालेल. कार्डाचा फोटो पाठव.