सिमेंटची गोणी आणि मजुराची कंबर

मा. संपादक महोदय,

जळगाव-धुळे परिसरात ५० किलोंची सिमेंटची गोणी पाठीवर घेऊन कठडा नसलेल्या जिन्याने चढणारा बिगारी हे दृश्य नित्याचे झाले आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनुसार एकट्याने वाहायच्या ओझ्याची मर्यादा प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो, तर स्त्रीसाठी ३० किलो आहे. म्हणजे एकट्या बाईच्या डोक्यावर भरलेली गोणी देणे नियमबाह्यच ठरते. (मुकादमांना हे ठाऊक नसेल, असे मानण्याइतके आपण भाबडे नाही.) पुरुषाचे ओझे मर्यादेत असले, तरी उचलण्याची रीत घातक असते: गुडघे न वाकवता, कंबरेतून वाकून गोणी ओढली आणि पाय न हलवता तसेच वळले, की मणक्यांमधील चकतीवर नको तेवढा ताण येतो. गोण्या जमिनीवर न ठेवता मांडीच्या उंचीच्या फळ्यांवर रचल्या, तर निम्मे वाकणे तिथेच वाचते. ओल्या वाळूचे घमेले काठोकाठ भरू नये, वरच्या मजल्यांसाठी कप्पी किंवा मालवाहू लिफ्ट लावावी आणि मे महिन्यात भर दुपारच्या खेपा बंद ठेवाव्यात, एवढे ठेकेदारांनी करावे. जिन्याला तात्पुरता कठडा बांधायला तर चार बांबू पुरतात.

– एक वाचक, अमळनेर