नाक गालाचे की कपाळाचे?

संपादक महोदय,

दरवर्षी १५ जुलैला प्लास्टिक सर्जरी दिनाच्या सुमारास सुश्रुतावर लेख येतात आणि त्यांत एक वाक्य हमखास असते : सुश्रुताने कपाळाच्या कातडीने नाक बसवले. सुश्रुतसंहितेत असे नाही. सूत्रस्थानाच्या १६व्या अध्यायात कातडी गालाची आहे. 'गण्डपार्श्वात्' इतका स्वच्छ शब्द आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यायचे, त्या मापाने गालाची कातडी सोडवायची पण एका बाजूने जोडलेली राखायची, कापलेल्या नाकाचे थोटे खरवडून ताजे करायचे आणि वेळ न दवडता सोडवलेल्या कातडीचा पदर त्यावर बसवून बांधायचा. आत दोन नळ्या, वरून पतंग नावाची वनस्पती, ज्येष्ठमध आणि अंजनाची पूड, पांढरा कापूस, तिळाच्या तेलाचे सिंचन. कमी पडले तर वाढवा, मांस जास्त आले तर सारखे करा, इथपर्यंत सांगितले आहे.

कपाळाचे नाक आपल्या पुण्याजवळचे आहे. १७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणाऱ्या कावसजी या मराठ्याचे नाक आणि एक हात टिपूच्या कैदेत कापले गेले. वर्ष उलटल्यावर विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४च्या अंकात ही कृती चित्रासह छापली. मेणाचा पातळ पत्रा थोट्यावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची, फक्त दोन डोळ्यांमध्ये अरुंद देठ राखायचा. थोट्याची वणाची कड छाटून मागे चीर द्यायची, ती नाकपुड्यांभोवतून वरच्या ओठापर्यंत न्यायची. मग पदर अर्धा वळसा देऊन खाली आणायचा आणि कडा चिरेत रोवायच्या. टाक्यांचा उल्लेखच नाही. पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक, बस्स! चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. रुग्ण पाच-सहा दिवस उताणा. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, कारण आतून अस्तर नसलेली कातडी आकसते आणि भोके मिटू लागतात.

देठ कापायचा २५व्या दिवसाच्या सुमारास, आणि या माणसाचे सगळे कसब आम्हाला इथे दिसते. नव्या जागेतून रक्त खेळू लागेपर्यंत पदर त्या देठावरच जगतो. घाईने कापला तर काळा पडून मरतो, वळसा ताणून बसला तरी रक्तवाहिन्या पिळवटून तेच होते. आजही कपाळाच्या पदराचा देठ बहुधा तीन आठवड्यांनंतरच कापतात.

हाच वृत्तान्त वाचून इंग्रज शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी मृतदेहांवर सराव केला, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली आणि १८१६मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपात 'भारतीय पद्धत' म्हणून रुजली ती ही, कपाळाची.

त्या विटा पाडणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून त्याचे काम सुश्रुताच्या नावावर चढवणे योग्य नाही. सुश्रुताला त्याची गरजही नाही. कावसजीचे ते चित्र सुश्रुताच्या नावाखाली छापलेले वारंवार दिसते. यापुढे आपल्या पुरवणीत ते आले, तर खाली 'पुण्याजवळची शस्त्रक्रिया, चित्र १७९४' एवढे अवश्य छापावे.

आपले,
शल्यचिकित्सेचे दोन अध्यापक, पुणे